वाचक विचारतात : रस्ता ओलांडायचा कसा?

मागच्या अंकात आम्ही पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांची तक्रार एकच होती: रस्ते रुंद होताहेत, पण चालणाऱ्याची भीती वाढतेच आहे. ती भीती खरी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले, त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते. निवडक प्रश्नांना रस्तेबांधणी आणि वाहतूक नियोजनात काम करणाऱ्या सल्लागारांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : शाळेसमोर आम्ही पालकांनी खूप खेटे घालून गतिरोधक करून घेतला. पण मोटारी त्यावरून धाडकन उडवत निघून जातात, दुचाकीवाले कडेच्या फटीतून काढतात, आणि परवा रात्री एक आजोबा स्कूटरवरून पडले. चुकलं कुठे?
— एक पालक, नाशिक

उंची-रुंदीचं माप चुकलं. आपल्याकडे गतिरोधक म्हणून बहुतेक ठिकाणी हातभर रुंदीचा डांबराचा ढीग ओततात. असा अरुंद उंचवटा वेगातल्या मोटारीला अडवत नाही. चाक क्षणात वर जाऊन खाली येतं, धक्का स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर झेलतात, आत बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही. उलट हळू चाललेली सायकल, स्कूटर किंवा रिक्षा त्यावर पूर्ण आदळते. म्हणजे ज्याने वेग कमी केला त्यालाच शिक्षा होते.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं (आय.आर.सी.) माप वेगळं आहे. वाहन जाण्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर, आणि वरचा भाग १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा. ताशी २५ किलोमीटरने गेलं तर यावरून अलगद जाता येतं, त्याहून जोरात गेलं तर बसलेला माणूस सीटवरून उचलला जातो. काम चालू असताना तपासायचं असेल तर मुकादमाकडे लाकडी फळीचा साचा मागा. उंची मधोमध १०० मिलिमीटर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९३, एक मीटरवर ७१, दीड मीटरवर ३४ आणि कडेला शून्य, असा तो साचा असतो. तो नसेल तर माप नजरेने चाललंय असं समजा.

कडेची फट बहुधा पावसाचं पाणी जायला ठेवलेली असते. ती बुजवून गतिरोधक एका कर्बपासून, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडापासून, दुसऱ्या कर्बपर्यंत सलग न्यायचा, आणि पाणी ज्या बाजूने येतं तिकडे, उंचवट्याच्या आधी, जाळीचं चेंबर काढून गटाराला जोडायचं. हे चेंबर करायचं राहून गेलं तर पहिल्याच पावसात तिथे तळं साचतं, डांबर सुटतं आणि गतिरोधकाच्या तोंडाशी खड्डा पडतो. आजोबा रात्री पडले, म्हणजे पट्टे पुसले असणार किंवा दिवा नसणार. काळे-पांढरे पट्टे, वर दिवा आणि ४० मीटर आधी सूचनाफलक हे तिन्ही त्याच कामाच्या अंदाजपत्रकात असायला हवेत. पुढच्या वर्षीवर ढकललेला फलक सहसा लागत नाही.

मात्र शाळेसमोर साध्या गतिरोधकापेक्षा उंच झेब्रा, ज्याला टेबलटॉप म्हणतात, तो मागा. फूटपाथच्याच उंचीवर, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, रस्ता सपाट उचलून घ्यायचा. वरचा सपाट भाग निदान ३ मीटर. दोन्ही बाजूंचा उतार १:१० धरला तर प्रत्येकी दीड मीटर, बसचा रस्ता असेल तर १:२० म्हणजे ३ मीटर. मुलं खाली उतरतच नाहीत, वाहनालाच त्यांच्या पातळीवर चढून यावं लागतं. शिवाय ती पंधरा सेंटीमीटर उंच दिसतात, आणि पहिली-दुसरीतल्या पोरासाठी तेवढंही महत्त्वाचं असतं.

एवढा अट्टहास कशासाठी, ते आकड्यांत बघा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरलं आणि रस्ता कोरडा असला, तर ताशी ३० च्या वेगातली मोटार साधारण १८ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ची मोटार त्या दीड सेकंदातच २१ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे जिथे पहिली मोटार उभी राहिली, तिथून दुसरी पूर्ण वेगात जाते आहे, तिचा ब्रेकही अजून लागलेला नाही. मूल १८ मीटरवर असेल तर एकीकडे ते घाबरून रडेल, दुसरीकडे वाचणार नाही.

आणखी एक काम पालकांच्याच हातात आहे. झेब्राच्या अलीकडे दोन्ही दिशांना १० मीटरपर्यंत शाळेची व्हॅन किंवा रिक्षा उभी राहू देऊ नका. उभ्या व्हॅनच्या पुढून मूल बाहेर पडतं तेव्हा चालकाला ते पहिल्यांदा दिसतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. नुसत्या फलकाने हे थांबत नसेल, तर तेवढ्या भागात फूटपाथच पार्किंगच्या रुंदीइतका, साधारण दोन मीटर, पुढे काढून घ्यावा. गाडी लावायला जागाच उरत नाही आणि ओलांडायचं अंतरही तेवढं घटतं.

प्रश्न : आमच्या चौकात चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा १५ सेकंद असतो. माझी आई ७६ वर्षांची आहे. ती निम्म्याच्या थोडी पुढे जाते आणि गाड्या सुटतात. सेकंद वाढवून मागावेत का?
— एक वाचिका, कोल्हापूर

मागावेत, पण त्याआधी टेप घेऊन ओलांडायचं अंतर मोजा. सिग्नलच्या हिशेबात चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. १५ सेकंदांत त्या वेगाने १८ मीटर होतात. वयस्कर माणूस, काठी घेऊन चालणारा किंवा लहान मुलाचा हात धरलेली आई सेकंदाला ०.८ मीटरनेच चालते. तिला त्याच १८ मीटरला साडेबावीस सेकंद लागतात, वर दिवा दिसून पाऊल उचलायला दोन-तीन सेकंद. म्हणजे तुमच्या आईंना २५ सेकंद हवेत. वाहतूक शाखा बहुधा म्हणेल की एवढा वेळ दिला तर चौक तुंबेल. म्हणून सेकंद वाढवण्याबरोबर अंतर कमी करायलाही सांगा. खरी गंमत तिथेच आहे, आणि आपल्या चौकांत तिकडे फार कमी लक्ष जातं.

सात मीटर रुंदीचा आडवा रस्ता ओलांडायला सातच मीटर चालावं लागतं असं वाटतं. पण कोपरे किती गोल केलेत यावर ते ठरतं. कोपऱ्याची वळणत्रिज्या १२ मीटर असेल आणि माणूस मुख्य रस्त्याच्या कडेपासून दोन मीटर आतून, फूटपाथच्या सरळ रेषेत ओलांडत असेल, तर कोपऱ्याच्या गोलाईमुळे प्रत्येक बाजूला जवळजवळ ५.४ मीटर जास्त चालावं लागतं. सातचे १७.७ मीटर होतात. तीच त्रिज्या ४ मीटर केली तर प्रत्येक बाजूला अर्धाच मीटर वाढतो, एकूण ८.१ मीटर. आईंच्या वेगाने २२ सेकंदांच्या जागी १० सेकंद लागतील. सिग्नलचं वेळापत्रक न बदलता हे होतं. शिवाय लहान त्रिज्येवर वळणाऱ्या गाडीला वेग टाकावाच लागतो, मोठ्या त्रिज्येवर ती तशीच रेटत वळते.

हरकत नेहमी एकच येते: बस कशी वळणार? मोजताना कर्बची त्रिज्या न बघता बसची चाकं प्रत्यक्ष कुठून जातात ते बघायचं. कडेला पार्किंग असेल तर बस मुळातच कर्बपासून दोन-अडीच मीटर दूर असते, तिची वळणत्रिज्या आपोआप मोठी असते. आडव्या रस्त्यावरची थांबारेषा तीन-चार मीटर मागे घेतली की वळणाऱ्या बसला आणखी जागा मिळते. तरीही कमी पडत असेल तर कोपऱ्यावर खडबडीत दगडाचा, चार-पाच सेंटीमीटर उंचीचा पट्टा करावा. बसचं मागचं चाक त्यावर चढू शकतं, मोटारवाला मात्र टाळतो. माणसांनी उभं राहायची जागा या पट्ट्याच्या मागे ठेवायची.

पक्कं बांधकाम करण्याआधी चुन्याची रेघ, पाणी भरलेले प्लॅस्टिकचे बॅरिकेड आणि दोन-तीन आठवडे एवढं पुरतं. बस, कचऱ्याचा डंपर आणि अग्निशमनाची गाडी प्रत्यक्ष वळवून बघता येते. त्यात जे अडतं ते आधीच कळतं.

मुख्य रस्त्याला दुभाजक असेल तर त्यात थांबायची जागा हवी. ती निदान दोन मीटर खोल असावी. याहून कमी असेल तर व्हीलचेअर किंवा बाबागाडीचं टोक रस्त्यात येतं. दुभाजक कापून ती रस्त्याच्या पातळीवर आणायची, चढ-उतार ठेवायचा नाही. आणि डावीकडचं मोकळं वळण, म्हणजे फ्री लेफ्ट, असेल तर ते बंद करण्याची मागणी ठामपणे करा. चालणाऱ्याला हिरवा दिवा असूनही तिथे गाडी कधी थांबतच नाही.

सिग्नल बदलायचाच असेल तर आणखी एक मागता येईल: वळणाऱ्या गाड्यांच्या आधी तीन ते पाच सेकंद चालणाऱ्यांना हिरवा द्यावा. चालणारी माणसं झेब्रावर मधोमध दिसू लागली की वळणारे थांबतात.

प्रश्न : महापालिकेने आमच्या रस्त्याला नवा फूटपाथ केला. तरी सगळे रस्त्यावरूनच चालतात. लोकांनाच शिस्त नाही, असं अधिकारी म्हणतात.
— एक वाचक, ठाणे

लोक सोयीचं बघतात. तुम्ही स्वतः त्या फूटपाथवरून एक बाबागाडी ढकलत शंभर मीटर जा आणि ती किती वेळा उचलावी लागली ते लिहून काढा. तेवढा पुरावा पुरेसा आहे.

पहिलं कारण उंची. आय.आर.सी. १०३ या फूटपाथविषयीच्या मानकाप्रमाणे कर्ब १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. प्रत्यक्षात २५–३० सेंटीमीटरचे फूटपाथ सर्रास दिसतात. मोटारी चढू नयेत म्हणून ते उंच करतात, मग गुडघे दुखणारा माणूसही चढत नाही. दरवेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकताना जुना खरवडला नाही की रस्ता वर येतो आणि पुढचा फूटपाथ आणखी उंच धरला जातो.

दुसरं, गेटं. प्रत्येक सोसायटीच्या गेटाशी फूटपाथ तोडून रस्त्याच्या पातळीवर आणतात. शंभर मीटरमध्ये सहा गेटं असली तर माणसाने बारा वेळा चढ-उतार करायचा. असायला हवं उलट. फूटपाथ सलग त्याच पातळीवर जावा आणि मोटारीने कडेच्या ६० ते ९० सेंटीमीटरच्या छोट्या उतारावरून चढून, फूटपाथ ओलांडून आत जावं. त्या पट्ट्यात ८० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक घालायला सांगा. फक्त चालण्याच्या भागाचे ६० मिलिमीटरचे ब्लॉक गाड्यांखाली फुटतात.

तिसरं, मोकळी रुंदी. निवासी भागात निव्वळ मोकळी १.८ मीटर आणि बाजारात २.५ मीटर हवी, डोक्यावर २.२ मीटर. 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. विजेचा डी.पी. (वितरणपेटी), झाडाचं आळं, जाहिरातीचा खांब, दुकानाची पायरी हे सगळं सोडून उरते ती रुंदी. कागदावर अडीच मीटरचा फूटपाथ असतो आणि डी.पी.शी साठ सेंटीमीटर उरतात. म्हणून खांब, झाडं, बाकं यांना कर्बच्या बाजूला स्वतंत्र पट्टा द्यावा आणि चालायचा पट्टा सरळ ठेवावा. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधच्या डी. पी. रस्त्यावर असं काम झालं आहे. पार्किंगला ठरावीक खाचे दिले आणि उरलेली जागा चालणाऱ्यांना. जाऊन बघण्यासारखं आहे.

पेव्हर वर्षभरात खचण्याचं कारण ब्लॉकमध्ये नसतं, त्याच्या खाली असतं. पाइप किंवा केबलसाठी खणलेला चर थरांनी न दाबता एकदम बुजवला, वाळूचा थर तीन सेंटीमीटरच्या जागी दहा घातला, किंवा कडेला पक्का कर्ब न बसवता ब्लॉक मोकळे सोडले, की ते सरकतात. ब्लॉक डळमळतो, त्याखाली पाणी साठतं, आणि पाय पडला की चिखल अंगावर उडतो.

अंध व्यक्तींसाठीच्या पिवळ्या खाचांच्या फरशाही याच रांगेत तपासा. रेघांची फरशी म्हणजे 'चालत राहा', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. रेघांच्या फरशा थेट झाडात किंवा चेंबरच्या झाकणात घुसलेल्या दिसल्या तर ती सोय नव्हे, सापळा आहे. फोटोसह तक्रार करा.

प्रश्न : बोलार्ड (फूटपाथच्या तोंडाशी रोवलेले बुटके खांब) लावल्याने दुचाकी फूटपाथवर यायच्या थांबतील का?
— एक वाचक, पुणे

नाही. व्हीलचेअर जायला दोन बोलार्डमध्ये १.२ मीटरची फट ठेवावी लागते आणि स्कूटरचं हँडल त्याहून बरंच अरुंद असतं. बोलार्ड मोटारींना अडवतात, तेवढंच. फट कमी करून दुचाकी अडवायला गेलं की आधी व्हीलचेअर अडते. साखळी, फिरती फाटकं, वेडीवाकडी पाइपची कुंपणं यांतही तेच होतं. दुचाकी फूटपाथवर कुठून चढतात ती जागा शोधा. बहुतेक वेळा ती उलट्या दिशेने यावं लागू नये म्हणून घेतलेली वाट असते, कारण दुभाजकातलं वळण फार लांब असतं. तिथे वाहतूक पोलिसांची नियमित कारवाई आणि वळणाची फेरआखणी, हेच लागू पडतं.

प्रश्न : स्टँडसमोर लोक धावत रस्ता ओलांडतात. नगरपालिका पादचारी पूल बांधणार आहे. आम्ही पाठिंबा द्यावा का?
— ज्येष्ठ नागरिक संघ, सातारा जिल्हा

आमचं मत: नको, निदान पहिला उपाय म्हणून नको. शहरी रस्त्यावर पुलाखाली ५.५ मीटर मोकळी उंची सोडावी लागते, गर्डर धरून चालायची पातळी सहा मीटरवर जाते. १५ सेंटीमीटरची पायरी धरली तर ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. १:१२ चा रॅम्प केला तर एका बाजूलाच ७२ मीटर आणि मधले थांबे वेगळे. हातात बोचकं घेऊन एस.टी. पकडायला निघालेला माणूस खाली १२ मीटर रस्ता दिसत असताना हे करणार नाही. मग लोक ओलांडू नयेत म्हणून दुभाजकावर जाळी लावतात, लोक जाळी वाकवतात, आणि आता त्या फटीतून अचानक बाहेर येणारा माणूस चालकाला आधीपेक्षाही उशिरा दिसतो. लिफ्ट आणि सरकते जिने सुरुवातीला चालतात, देखभालीचा पैसा संपला की बंद पडतात.

त्याच पैशात उंच झेब्रा, दुभाजकात दोन मीटरची जागा, सिग्नल आणि चांगला उजेड होतो, आणि तो तिथेच व्हायला हवा जिथून लोक आज ओलांडताहेत. पूल योग्य ठरतो तो रेल्वे रुळांवर, द्रुतगती मार्गावर, किंवा जिथे दोन्ही टोकं आधीच उंचीवर आहेत तिथे.

प्रश्न : आमच्या गावातून चौपदरी महामार्ग गेला. शाळा पलीकडे, पाण्याची टाकी आणि एस.टी. थांबा अलीकडे. दुभाजक फोडून लोक वाट करतात. काय मागावं?
— ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी जिल्हा

आधी हिशेब. ताशी ८० ची गाडी सेकंदाला २२ मीटर येते. दोन लेन आणि कडेची पट्टी मिळून साडेआठ मीटर ओलांडायला सात सेकंद लागतात. म्हणजे पाऊल टाकताना गाडी किमान १५६ मीटर लांब हवी आणि ती दिसायला हवी. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर हे शक्यच नाही. रात्री गाडीचे हेडलाइट खाली केलेले असताना चालकाला गडद कपड्यातला माणूस पन्नासेक मीटरवर दिसतो.

त्यामुळे पहिली मागणी भुयारी मार्गाची. महामार्ग भरावावर असेल तर गावाच्या पातळीवरूनच, एकही पायरी न चढता, पलीकडे जाता येतं. म्हणून लोक तो वापरतात. उंची निदान ३ मीटर, आत दिवे, आणि दोन्ही तोंडं समोरासमोर, म्हणजे आत शिरण्याआधी पलीकडचा उजेड दिसेल. नसता बायका संध्याकाळनंतर त्यात पाऊल ठेवत नाहीत. तळ शेजारच्या शेतापेक्षा खाली नेऊ देऊ नका. कोकणातल्या पावसात तो चार महिने तळं होऊन बसेल.

तो होईपर्यंत चार गोष्टी लगेच होऊ शकतात. गावाच्या वेशीवर दोन्ही बाजूंनी वेगमर्यादेचे फलक आणि रंबल पट्ट्या, म्हणजे गाडी खडखडवणाऱ्या उंच पट्ट्या. ओलांडायच्या जागी दिवा, तोही गाडी येते त्या बाजूला झेब्राच्या थोडा अलीकडे, म्हणजे माणसाच्या समोरच्या अंगावर उजेड पडेल. दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल तीस-चाळीस मीटरपर्यंत काढून तिथे गुडघ्याखालची झुडपं. कण्हेर माणसाच्या उंचीची झाली की मागे उभं पोर कुणालाच दिसत नाही. आणि एस.टी. थांबा ओलांडायच्या जागेच्या पुढे सरकवा. बस पुढे जाऊन थांबली की लोक तिच्या मागून ओलांडतात, आणि येणारी गाडी व माणूस एकमेकांना दिसतात. बसच्या पुढून ओलांडलं की बसनेच दोघांची नजर अडवलेली असते.

गेल्या तीन वर्षांत त्या पाचशे मीटरच्या टप्प्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू झाले असतील, तर ती जागा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येत ब्लॅक स्पॉट ठरते. पोलीस ठाण्यातून नोंदी मिळवा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवा. ब्लॅक स्पॉट म्हणून नोंद झाली की दुरुस्तीला निधी मिळण्याचा मार्ग उघडतो.

प्रश्न : अर्ज करून थकलो. कायदा आमच्या बाजूने आहे का?
— एक वाचक, सोलापूर

आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलं की वापरण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८-अ म्हणतं की रचना, बांधकाम किंवा देखभालीतली ठरलेली मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण अर्जात 'फूटपाथ खराब आहे' असं लिहिलं तर 'नोंद घेतली' असं उत्तर येतं. जागा, माप आणि मानक लिहा: 'अमुक दुकानापासून तमुक चौकापर्यंत कर्बची उंची २८ सेंटीमीटर, आय.आर.सी. १०३ प्रमाणे कमाल १५. मोकळी रुंदी डी.पी.शी ६० सेंटीमीटर, किमान १.८ मीटर हवी.' टेप लावलेला फोटो जोडा, ज्यात आकडा वाचता येईल. सोबत माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कामाचा मंजूर नकाशा, मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मोजून नोंदवतात त्या वहीची) प्रत आणि रस्ता सुरक्षा तपासणीचा अहवाल मागा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मोजमाप पुस्तिकेतली रुंदी आणि तुमच्या टेपवरची रुंदी जुळली नाही, तर पुढचा अर्ज थेट आयुक्त आणि लेखापरीक्षण विभागाच्या नावे करा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा.